चोवीस पायऱ्यांची शिडी आणि अपुरा आरएनए: एका शैक्षणिक संचाचे परीक्षण

डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचे दोन धागे एकमेकांभोवती कसे फिरतात आणि ते परस्परविरुद्ध दिशांना का धावतात, हे फळ्यावरच्या आकृतीतून समजावणे किती अवघड असते, याचा अनुभव जीवशास्त्र शिकवणाऱ्या बहुतेकांना असेल. म्हणूनच गेले वर्षभर मी माझ्या वर्गात डीएनए आणि आरएनए हाताने जोडून पाहण्याचा एक प्लास्टिकचा संच वापरत आहे. उत्पादकाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण मी आजवर हाताळलेल्या अशा सर्वच संचांत हेच गुण आणि हेच दोष थोड्याफार फरकाने आढळले आहेत, आणि हे परीक्षण वाचून कोणी संच निवडणार असेल, तर नावापेक्षा काय तपासून घ्यावे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

खोक्यात डीएनएच्या २४ जोड्या, म्हणजे प्रत्येक बेसचे (शिडीच्या पायऱ्या बनवणाऱ्या ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन या चार घटकांपैकी प्रत्येकाचे) १२ तुकडे, आरएनएचे ३२ तुकडे, दोन भागांत उघडणारा रायबोझोम (पेशीत प्रथिने जोडणारे यंत्र), त्याला अमिनो आम्ले आणून देणारे, तीन पाकळ्यांच्या आकाराचे आठ वाहक आरएनए, अमिनो आम्लांचे रंगीत मणी, एका विषाणूचे कवच, आजारांची माहिती देणारी पत्रे, गालाच्या पेशींतून डीएनए वेगळा करण्याचे साहित्य आणि एक पुस्तिका एवढे सामान येते.

डीएनएचा भाग उत्तम आहे, हे प्रथम निःसंकोचपणे सांगते. ॲडेनीन व ग्वानीन यांच्या रेणूंत दोन वलये असतात, तर थायमीन व सायटोसीन यांच्यात एकच. हा फरक येथे तुकड्यांच्या लांबीत उतरवला आहे, त्यामुळे दोन लांब तुकडे समोरासमोर ठेवले तर शिडीच्या दोन बाजूंमध्ये मावत नाहीत आणि दोन आखूड तुकडे एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत. ॲडेनीन–थायमीन जोडीला दोन खुंट्या आणि ग्वानीन–सायटोसीन जोडीला तीन खुंट्या आहेत, त्या हायड्रोजन बंधांच्या संख्येशी जुळतात. शिडीच्या बाजू बनवणाऱ्या शर्करेच्या प्रत्येक तुकड्यावर दिशादर्शक बाण असल्याने दोन धागे उलटसुलट दिशांनी लावले नाहीत, तर शिडी बंदच होत नाही. सर्पिलाचा पीळ उजवा आहे. छापील चित्रांत तो इतक्या वेळा चुकून डावा काढलेला दिसतो, की येथे तो बरोबर पाहून मला मनापासून आनंद झाला.

एक उणीव मात्र आहे. पेशीतील डीएनएला एक रुंद आणि एक अरुंद अशा दोन खाचा असतात, कारण बेसच्या जोड्या शर्करेला अगदी समोरासमोरच्या बिंदूंवर जोडलेल्या नसतात. या प्रतिकृतीत दोन्ही खाचा सारख्याच रुंदीच्या झाल्या आहेत. हा बारकावा वाटेल, परंतु कोणते जनुक चालू करायचे आणि कोणते बंद ठेवायचे हे ठरवणारी अनेक प्रथिने मुख्यतः रुंद खाचेतूनच, शिडी न उघडता, बेसचा क्रम ओळखतात. विद्यार्थ्याने ‘डीएनए बंद असताना त्यातला मजकूर वाचता येतो का?’ असे विचारले, तर या प्रतिकृतीवर बोट ठेवून उत्तर देता येत नाही.

पुस्तिकेत मोजमापाचा उल्लेखच नाही, आणि ही मोठी संधी वाया गेली आहे. प्रतिकृतीत दोन पायऱ्यांमधील अंतर सुमारे २ सेंटिमीटर आणि शिडीची रुंदी सुमारे १२ सेंटिमीटर भरते. प्रत्यक्षात ही मापे ०.३४ नॅनोमीटर आणि २ नॅनोमीटर असतात, म्हणजे प्रतिकृती मूळ रेणूच्या जवळजवळ सहा कोटी पट मोठी आहे आणि प्रमाणबद्धही आहे. मानवी पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रांवर मिळून ६ अब्जांहून अधिक जोड्या असतात. त्या सर्व या संचाच्या मापाने जोडल्या, तर शिडीची लांबी सुमारे १,२४,००० किलोमीटर होईल, म्हणजे विषुववृत्ताभोवती तीन फेरे घेता येतील. आणि ती सामावून घेणारे केंद्रक त्याच मापाने साधारण साडेतीनशे मीटर व्यासाचे असेल. एवढा धागा एवढ्या जागेत, न गुंतता आणि हवा तेथे उघडता येईल अशा रीतीने कसा राहतो, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतःहून विचारला. त्याचे उत्तर देताना हिस्टोन प्रथिनांविषयी सांगावे लागले: आठ हिस्टोनांच्या प्रत्येक गाठोड्याभोवती डीएनएच्या १४७ जोड्या गुंडाळलेल्या असतात. संचात हिस्टोन नाहीत, म्हणून आम्ही त्या जागी रबरी चेंडू आणि जाड दोरी वापरली.

पुस्तिकेत जोडणीसाठी दिलेला बेसचा क्रम निरर्थक आहे. चोवीसच जोड्या उपलब्ध असतील, तर त्या कशासाठी खर्च कराव्यात याचा विचार व्हायला हवा होता. मी त्याऐवजी मानवी बीटा-ग्लोबिन (हिमोग्लोबिनचा एक घटक) जनुकाच्या सांकेतिक भागाची सुरुवात घेतली, बेसच्या इंग्रजी आद्याक्षरांत: एटीजी, जीटीजी, सीएटी, सीटीजी, एसीटी, सीसीटी, जीएजी, जीएजी. हे आठ त्रिक संकेत, म्हणजे एकेका अमिनो आम्लासाठीची तीन-तीन अक्षरे, बरोबर २४ जोड्यांचे आहेत. अडचण अशी आली, की यात ग्वानीन–सायटोसीनच्या १३ जोड्या लागतात आणि संचात त्या १२च आहेत. एकही सुटा तुकडा जास्तीचा दिलेला नाही. तेरावी जोडी आम्ही पुठ्ठ्याची केली. तुकडे हरवणे आणि खुंट्या मोडणे वर्गात अटळ असते, तेव्हा प्रत्येक प्रकारचे तीन-चार तुकडे जादा देणे उत्पादकाला जड जाऊ नये.

या क्रमामुळे संचाचे रूपच पालटले. विद्यार्थ्यांनी शिडी उघडली, साचा असलेल्या धाग्यावरून आरएनएचा धागा तयार केला, तो रायबोझोममधून ओढला आणि मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल अशी मण्यांची माळ मिळवली. प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए) आणि भाषांतरण (आरएनएवरून प्रथिन) हे दोन शब्द त्यानंतर पुन्हा समजावावे लागले नाहीत. मग सातव्या त्रिकातील मधली एकच जोडी उलटी लावली. जीएजीचे जीटीजी झाले, आरएनएमध्ये जीयूजी आले (तेथे टीऐवजी यू, म्हणजे युरॅसिल, असतो) आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिनचा मणी आला. पहिले मेथिओनिन नंतर काढून टाकले जाते, म्हणून तयार प्रथिनात ही जागा सहावी मोजतात. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो आणि त्याला पाणी मानवते; व्हॅलिनला ते मानवत नाही, त्यामुळे ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या तयार होतात आणि तांबडी रक्तपेशी कोयत्यासारखी वाकते. हाच सिकलसेल आजार होय. या आजारात हिमोग्लोबिनचा रेणूच निराळा असतो हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले, आणि तो फरक नेमका कुठे आहे हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी काही वर्षांनी शोधून काढले.

त्याच त्रिकावर आम्ही आणखी थांबलो. जीएजीचे जीएए केले तर मणी ग्लुटामिक आम्लाचाच राहतो, काहीच बदलत नाही. पहिल्या जीच्या जागी ए घातला तर एएजी होऊन लायसिन येते, आणि हिमोग्लोबिन-सी नावाचा सौम्य प्रकार मिळतो. त्याच जागी यू आला तर यूएजी हा थांबण्याचा संकेत तयार होतो आणि प्रथिन सुरुवातीलाच तुटते. एकाच त्रिकातील एकेका अक्षराच्या बदलाने काहीच न होणे, किरकोळ फरक, गंभीर आजार आणि प्रथिनाचा संपूर्ण अभाव असे चार परिणाम होऊ शकतात, हे विद्यार्थ्यांनी तासाभरात स्वतःच्या हातांनी पाहिले. पुस्तिकेत यातले काहीही नाही, परंतु संच हे करू देतो, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

आरएनएच्या बाबतीत मात्र मी समाधानी नाही. पुस्तिकेच्या मते आरएनए म्हणजे एकच धागा असलेला आणि थायमीनऐवजी युरॅसिल वापरणारा डीएनए. त्यानुसार आरएनएच्या तुकड्यांतील शर्करा डीएनएच्या शर्करेसारखीच, त्याच साच्यातून काढलेली आहे. या दोन रेणूंच्या वागण्यातला सर्वांत मोठा फरक त्या शर्करेतच आहे. आरएनएच्या शर्करेत, म्हणजे रायबोजमध्ये, दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतो, डीएनएच्या डीऑक्सिरायबोजमध्ये तो नसतो. या एका गटामुळे आरएनएचा धागा स्वतःच्याच कण्यावर हल्ला करून तुटू शकतो. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जपायची माहिती पेशी डीएनएमध्ये ठेवते आणि क्षणिक उपयोगाच्या प्रती आरएनएमध्ये काढते. त्याच कारणाने संदेशवाहक आरएनएच्या (जनुकाचा मजकूर रायबोझोमपर्यंत नेणाऱ्या आरएनएच्या) लसी अतिशीत तापमानात साठवाव्या लागल्या. शर्करेच्या तुकड्यावर एक छोटी खुंटी वाढवली असती, तर हे सगळे त्या खुंटीकडे बोट दाखवून सांगता आले असते.

दुसरा आक्षेप रायबोझोमबद्दल आहे. तो येथे एका रंगाचा, दोन कप्प्यांचा प्लास्टिकचा गोळा आहे आणि पुस्तिका त्याला ‘प्रथिनांनी बनलेले यंत्र’ म्हणते. रायबोझोमचा गाभा आरएनएचा असतो, आणि अमिनो आम्ले एकमेकांना जोडण्याची रासायनिक क्रिया प्रथिन नव्हे, तर रायबोझोमल आरएनए घडवून आणतो. रायबोझोमची अणुपातळीवरील रचना उलगडल्याबद्दल वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांना २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि आरएनए स्वतः विकरासारखे (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या एन्झाइमसारखे) काम करू शकतो या शोधासाठी थॉमस चेक व सिडनी ऑल्टमन यांना ते १९८९ मध्येच मिळाले होते. पेशीतील आरएनएचा बहुतांश हिस्सा रायबोझोमल आरएनएचा असतो. ज्याला पुस्तिका ‘आरएनए’ म्हणते तो संदेशवाहक आरएनए त्यात काही टक्केच भरतो. हा संच हाताळणारा विद्यार्थी डीएनए म्हणजे मालक आणि आरएनए म्हणजे त्याची चिठ्ठी पोहोचवणारा निरोप्या, अशी समजूत घेऊन उठतो. पुढे विषाणू आणि आजार समजून घेताना हीच समजूत त्याला अडवते.

आरएनएची काटछाट तर संचात नाहीच. आपल्या बहुतेक जनुकांत प्रथिनासाठी उपयोगी तुकड्यांच्या मध्ये काढून टाकायचे लांबलचक तुकडे असतात. १९७७ मध्ये हे उघड झाले, तेव्हा जनुक अखंड असते ही धारणा मोडली. स्नायूंसाठी लागणाऱ्या डिस्ट्रॉफिन प्रथिनाचे जनुक सुमारे २२ लाख जोड्यांचे आहे, पण ७९ तुकडे जोडून तयार होणारा त्याचा संदेशवाहक आरएनए केवळ १४ हजार बेसच्या आसपास भरतो. आपल्या मापात सांगायचे तर ४४ किलोमीटर लिहायचे आणि त्यातले २८० मीटर ठेवायचे. कागदाची पट्टी आणि कात्री घेऊन हे दहा मिनिटांत दाखवता येते, आणि मी तसेच दाखवते. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या स्नायू क्षीण करणाऱ्या आजारावरील नुसिनर्सेन हे औषध याच काटछाटीत हस्तक्षेप करते: एसएमएन-१ हे जनुक निकामी झालेल्या रुग्णात एसएमएन-२ या जवळजवळ तशाच जनुकाच्या आरएनएमधून गळणारा सातवा तुकडा ते गळू देत नाही. डीएनएला हात न लावता आरएनएच्या पातळीवर एका आनुवंशिक आजाराचा मार्ग बदलता येतो, ही गोष्ट इतकी विलक्षण आहे, की तिला संचात जागा नसावी याचे मला वाईट वाटते.

विषाणूचा भाग सर्वांत दुबळा आहे. बहुफलकी कवच उघडले की आत डीएनएची छोटी सर्पिल कांडी निघते, आणि पुस्तिका सांगते, की विषाणू आपला डीएनए पेशीच्या केंद्रकात सोडतो. नागीण किंवा ॲडिनो विषाणूंना हे लागू पडते. देवीचा विषाणू डीएनएचा असूनही केंद्रकात न जाता पेशीद्रवातच आपल्या प्रती काढतो. पोलिओ, गोवर, इन्फ्लुएंझा, डेंगी, रेबीज आणि कोविडचा करोना विषाणू हे सर्व तर आरएनएचे विषाणू आहेत. आजारांच्या संदर्भात विषाणू शिकवायचे आणि आरएनए विषाणूंचा उल्लेखही करायचा नाही, हे मला समजू शकलेले नाही.

खेदाची बाब अशी, की खोक्यातल्याच तुकड्यांनी हे सुरेख दाखवता येते. पोलिओच्या विषाणूचा आरएनए पेशीच्या रायबोझोमला थेट वाचता येतो, म्हणून तो पेशीत शिरताच प्रथिने बनू लागतात. गोवर आणि इन्फ्लुएंझा यांचा आरएनए उलट, म्हणजे पूरक क्रमाचा असतो. आम्ही मघाच्या बीटा-ग्लोबिनच्या आरएनएचा पूरक धागा तयार केला आणि तो त्याच्या दिशेने वाचला: सीयूसी, सीयूसी, एजीजी, एजीयू, सीएजी, एयूजी, सीएसी, सीएयू. प्रारंभीचा एयूजी संकेत थेट सहाव्या जागी आला आणि मेथिओनिन, हिस्टिडिन, हिस्टिडिन एवढीच माळ मिळाली. हिमोग्लोबिनशी तिचा काही संबंध नव्हता. एका विद्यार्थिनीने लगेच विचारले, ‘मग हा विषाणू जगतो कसा?’ आरएनएवरून आरएनएची प्रत काढणारे विकर पेशी त्याला पुरवत नाही, म्हणून तो ते विकर कवचात बरोबर घेऊनच येतो, हे उत्तर त्या क्षणी जेवढे पक्के बसले तेवढे वाचून बसले नसते.

मापाची गंमत येथेही कामी येते. पोलिओच्या विषाणूचा आरएनए आपल्या प्रमाणात सुमारे १५० मीटरचा, करोना विषाणूचा जवळपास ६०० मीटरचा, देवीच्या विषाणूचा डीएनए साडेतीन किलोमीटरांहून थोडा अधिक, आणि यकृतदाह-ब (हिपॅटायटिस बी) विषाणूचा डीएनए अवघा ६४ मीटरचा भरतो. आरएनएची प्रत काढणाऱ्या विकरांना सहसा चुका दुरुस्त करता येत नाहीत, त्यामुळे आरएनए विषाणू झपाट्याने बदलतात, आणि त्यांचा जनुकीय मजकूर फार लांब नसण्यामागचे एक कारणही हेच मानले जाते. करोना विषाणूंकडे मात्र चुकीचे अक्षर खुडून काढणारे विकर असते, म्हणून त्यांना इतरांपेक्षा लांब धागा परवडतो. एचआयव्ही तर आरएनएवरून डीएनए तयार करून तो पेशीच्या गुणसूत्रात शिवून टाकतो. हे उलटे प्रतिलेखन हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले. पुस्तिकेतील ‘डीएनएकडून आरएनएकडे, आरएनएकडून प्रथिनाकडे’ हा एकेरी बाण त्यानंतरही तसाच छापला जावा, हे योग्य नाही.

आजारांच्या पत्रांची भाषा मला खटकली. ‘सिकलसेलचे जनुक’, ‘कर्करोगाचे जनुक’ असे मथळे त्यांवर आहेत. जनुक हिमोग्लोबिनचे असते. आजार त्यातील बदलाचा असतो. हा शब्दांचा कीस नव्हे. आपल्या अंगात आजाराचे जनुक आहे असे समजणाऱ्या मुलाच्या मनावर त्याचा जो परिणाम होतो, तो मी वर्गात पाहिला आहे. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचे पत्र मात्र चांगले आहे: सीएजी या त्रिकाची पुनरावृत्ती ठरावीक मर्यादेपलीकडे वाढली की आजार होतो, हे त्यात अचूक मांडले आहे. कर्करोगाच्या पत्रात आनुवंशिक बदल आणि आयुष्यात एखाद्या पेशीत घडलेले बदल यांची सरमिसळ झाली आहे, ती दुरुस्त व्हायला हवी. संदेशवाहक आरएनए लसीविषयीचा परिच्छेद निर्दोष आहे. असा आरएनए केंद्रकात जात नाही आणि थोड्याच काळात विघटित होतो, हे तो स्पष्ट सांगतो. त्यात युरिडिनमध्ये (युरॅसिल आणि शर्करा मिळून झालेल्या घटकात) केलेल्या बदलाचा उल्लेख जोडावा. त्या बदलामुळे पेशीची संरक्षक यंत्रणा बाहेरच्या आरएनएवर तुटून पडत नाही, हे कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवले आणि त्यासाठी त्यांना २०२३ चे नोबेल मिळाले.

गालाच्या पेशींतून डीएनए काढण्याचा प्रयोग चालतो, पण कृतीतील एक वाक्य बदलावे लागेल. मिठाच्या पाण्याने चूळ भरून त्यात द्रव साबण मिसळल्यावर अल्कोहोल ओतून ‘नळी जोरात हलवा’ असे लिहिले आहे. तसे केल्यास काही दिसत नाही. अल्कोहोल अतिशय थंड असावे, ते नळीच्या कडेने सावकाश सोडावे आणि नळी स्थिर ठेवावी. मग दोन थरांच्या सीमेवर पांढरे तंतू वर येतात. ‘आता तुम्हाला दुहेरी सर्पिल दिसेल’ हेही वाक्य काढावे, कारण दिसतो तो असंख्य रेणूंचा आणि त्यांना चिकटलेल्या प्रथिनांचा गुंता. फ्रेडरिक मीशर यांनी १८६९ मध्ये जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातून प्रथमच असा पदार्थ वेगळा केला, तेव्हा त्याची रचना कळायला १९५३ उजाडावे लागेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. प्रत्येकाने स्वतःचीच नळी हाताळावी, ही सूचना पुस्तिकेत नाही. ती शिक्षकाने आवर्जून द्यावी.

सर्पिलाची रचना, बेसची जोडी आणि त्रिक संकेत शिकवायचे असतील, तर हा संच निश्चिंतपणे घ्यावा. विषाणू किंवा आजार हा मुख्य हेतू असेल, तर शिक्षकाला बरीच भर घालावी लागेल, आणि एकट्याने वापरणाऱ्या विद्यार्थ्याला मी तो त्यासाठी सुचवणार नाही. आमच्या प्रतीत विषाणूच्या पानावर आता मुलांनी हाताने लिहिलेला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर पोलिओ, गोवर, एचआयव्ही आणि यकृतदाह-ब यांचे चार वेगवेगळे मार्ग बाणांनी काढले आहेत, आणि कवचाच्या आत डीएनएच्या कांडीऐवजी आरएनएच्या आठ छोट्या पट्ट्या ठेवल्या आहेत, कारण इन्फ्लुएंझाचा विषाणू तितक्याच तुकड्यांचा असतो.